मधोमध वाट असलेले घर: पन्हाळ्याच्या रस्त्यावरचा मुक्काम

कोल्हापूरहून शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडून रत्नागिरी रस्त्याला लागावे, केर्ली मागे टाकावी आणि वाघबीळच्या थोडे अलीकडे डाव्या हाताला उसाच्या फडांमधून जाणाऱ्या कच्च्या वाटेवर वळावे, म्हणजे त्या वाटेच्या टोकाला एक बैठे कौलारू घर लागते. या घरात राहण्याजेवणाची सोय दीड वर्षापूर्वी सुरू झाली. पाटी मात्र अजून लागलेली नाही, कारण पाटीवर काय लिहावे यावर मालक आणि मालकीणबाई यांचे एकमत झालेले नाही. मालक फोनवर पत्ता सांगताना "आपलं डॉगट्रॉट" म्हणतात, स्वयंपाक करणाऱ्या मावशी "खिंडीचं घर" म्हणतात, आणि आजूबाजूच्या शेतांत विचारले तर "ते फुटकं घर होय?" असे म्हणून लोक बरोबर रस्ता दाखवतात. मी तेथे दोनदा राहिले आहे, एकदा एप्रिलमध्ये दोन रात्री आणि एकदा जुलैमध्ये एक रात्र, आणि दोन्ही वेळचा अनुभव इतका निराळा होता, की आपण एकाच घराविषयी लिहीत आहोत याची मला मधूनमधून स्वतःलाच आठवण करून द्यावी लागते.

डॉगट्रॉट हा शब्द फोनवर प्रथम ऐकला तेव्हा, तीस वर्षे इंग्रजी शिकवूनही, मला त्याचा अर्थ लागला नव्हता. शेजारी बसलेल्या माझ्या वडिलांनी, आबांनी, "कुत्र्यांची शाळा हाय काय ती?" असे विचारले, आणि खरे सांगायचे तर मलाही तसेच काहीसे वाटले होते. घरी येऊन शब्दकोश उघडला तेव्हा दोन अर्थ सापडले. पहिला चालीचा: कुत्रा घाई नसताना, पण न रेंगाळता, बराच वेळ न दमता ज्या हलक्या दुडक्या चालीने जातो ती चाल. दुसरा घराचा: एकाच छपराखाली दोन खोल्या आणि त्यांच्या मधोमध आरपार उघडी वाट असलेले, अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतले जुन्या पद्धतीचे घर. त्या मधल्या वाटेने घरची कुत्री ये-जा करीत आणि दुपारी तेथेच सावलीला पडून राहत, म्हणून वाटेला हे नाव पडले आणि वाटेवरून घराला, असे सांगितले जाते. चालीवरून घराला नाव पडावे याचे मराठी माणसाला फारसे नवल वाटू नये, कारण आपल्याकडे चाल आणि चाळ यांच्यामध्ये एका अक्षराचेच अंतर आहे. फक्त आपल्या चाळीत वाऱ्यापेक्षा माणसेच जास्त खेळती असतात.

मालक नोकरीनिमित्त बरीच वर्षे अमेरिकेच्या दक्षिण भागात राहिलेले आहेत आणि या विषयावर त्यांना एकदा बोलते केले की चहा निवतो. त्यांच्याकडून ऐकलेले आणि मी नंतर वाचून ताडून घेतलेले थोडक्यात असे: एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीपर्यंत त्या प्रदेशातले शेतकरी ही घरे बांधत. जुनी घरे ओंडक्यांची असत, आणि ओंडक्यांच्या घरात भिंतीची लांबी ओंडक्याच्या लांबीने ठरते, त्यामुळे खोली वाटेल तेवढी मोठी करता येत नाही. घर वाढवायचे तर तशीच दुसरी खोली काही अंतरावर उभी करून दोन्हींवर एकच छप्पर घालणे सोपे पडते. खोल्या साधारण १८ ते २० फूट रुंदीच्या असत. एका खोलीत चूल आणि जेवण, दुसरीत झोपणे-बसणे, आणि मधल्या वाटेत उन्हाळ्यातला जवळजवळ सगळा दिवस, अशी विभागणी असे. बहुतेक घरे बैठी असत. दुमजली क्वचित सापडतात, आणि त्यांपैकी आर्कान्सामधल्या नॉरफोर्क येथे जेकब वुल्फ याने १८२९ साली बांधलेले घर आजही उभे आहे, जे सुरुवातीला त्या भागाची कचेरी म्हणूनही वापरले जात होते. पुढे अनेक घरांच्या मालकांनी ही मधली वाट दोन्ही बाजूंनी दारे बसवून बंद केली आणि तिचा दिवाणखाना करून टाकला. हे शेवटचे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण त्याकडे मला परत यावयाचे आहे.

केर्लीजवळ ओंडक्यांचे घर बांधण्यात अर्थ नव्हता, आणि सुदैवाने मालकांनी तो हट्ट धरलेला नाही. जोते काळ्या दगडाचे आणि चांगले कमरेएवढे उंच आहे, भिंती जांभ्याच्या आहेत, छप्पर मंगलोरी कौलांचे आणि खाली शहाबादी फरशी. उत्तरेकडच्या अंगाला स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली, दक्षिणेकडच्या अंगाला पाहुण्यांच्या दोन खोल्या, आणि दोहोंच्या मधून पूर्व-पश्चिम जाणारी उघडी वाट. ती मी पावलांनी मोजली तेव्हा रुंदीला सात पावले आणि लांबीला तेरा भरली. पश्चिमेच्या तोंडाशी उभे राहिले की पन्हाळ्याचा डोंगर समोर दिसतो आणि पूर्वेच्या तोंडाशी तुळशीवृंदावन, त्यापलीकडे बंब, लाकडांची रास आणि गोठा. आत शिरताना प्रथम वाटते की घर अजून पुरे व्हायचे आहे, गवंडी समोरची भिंत बांधायची विसरून जेवायला गेले आहेत. "फुटकं घर" हे नाव शेजाऱ्यांनी उगीच दिलेले नाही.

बांधकाम चालू असताना गवंडी या वाटेला बोळ म्हणत. खिंड हे नाव मावशींचे आहे आणि तेच आता टिकले आहे. पन्हाळ्याच्या वाटेवर खिंड म्हटले की कोल्हापूरच्या माणसाला पावनखिंडच आठवते, आणि तिचे आधीचे नाव घोडखिंड असल्याने मालकांना त्यावरून एक कोटी करायचा मोह होतो, जी ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. ती मी येथे देत नाही. गडाकडे तोंड करून बसलेले असताना १६६० सालच्या त्या रात्रीवरून कोट्या करू नयेत, एवढेच मी त्यांना तेव्हाही म्हणाले होते.

आता घर कसे वागते ते सांगते, कारण अशा ठिकाणी पैसे मोजायचे ते त्यासाठीच. एप्रिलमधल्या पहिल्या दुपारी, तीन वाजता, आबांनी त्यांच्या सवयीप्रमाणे सोबत आणलेला भिंतीवरचा तापमापक काढला. अंगणातल्या आंब्याच्या सावलीत त्याने ३७ अंश दाखवले. नंतर तो खिंडीतल्या खांबाला अर्धा तास टांगून ठेवला तेव्हा ३६. म्हणजे फरक अवघा एका अंशाचा, आणि तरीही आंब्याखाली अंगातून घामाच्या धारा लागत होत्या तर खिंडीत आबांनी दहा मिनिटांनी उपरणे खांद्यावर घेतले. या घराविषयी "आत गेलं की एसीसारखं गार" अशी जी तारीफ होते ती म्हणून अर्धवट आहे. खिंड हवा गार करीत नाही, ती हवा हलती ठेवते, आणि हलत्या हवेत घाम वाळतो म्हणून शरीराला गारवा वाटतो. तापमापकाला घाम येत नाही, म्हणून त्याला या घराचे महत्त्व कळत नाही. सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा खिंडीत बसण्यात काही विशेष नाही. दुपारी दोननंतर पश्चिमेचा वारा सुटला की तिला जीव येतो, आणि चार ते सात हा वेळ तर असा असतो की वर्तमानपत्राची पाने सांभाळावी लागतात.

खोल्यांचे काय, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटत होता, कारण रात्रभर कोणी वाटेत बसून राहत नाही. वारा रुंद अंगणातून अरुंद खिंडीत शिरताना वेग घेतो, आणि वेगाने वाहणाऱ्या हवेशी दाब उतरतो. त्यामुळे खोलीची खिंडीकडची खिडकी आणि बाहेरच्या अंगाची खिडकी अशा दोन्ही उघड्या ठेवल्या, तर खोलीतली हवा खिंडीकडे ओढली जाते आणि तिच्या जागी बाहेरची ताजी हवा येते. हे मालकांनी सांगितले तेव्हा मी मान डोलावली. आबांनी मात्र देवासाठी आणलेली उदबत्ती पेटवून खोलीच्या मधोमध, पाण्याच्या तांब्यावर टेकवून ठेवली. धूर आधी सरळ वर गेला, हातभर उंचीवर घुटमळला, आणि मग कोणी दोरीने ओढावा तसा वाकून खिंडीकडच्या खिडकीच्या गजांतून बाहेर गेला. बाहेरच्या अंगाची खिडकी लावून घेतली तेव्हा तोच धूर खोलीभर पसरला. आबा सिंचन खात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि वाहणाऱ्या कोणत्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास बसायला वेळ लागतो, पण त्यानंतर दोन्ही रात्री त्यांनी बाहेरची खिडकी कोणाला लावू दिली नाही. छताचा पंखा खोलीत आहे. पहिल्या रात्री अकरानंतर तो बंद करून पहाटे अंगावर वाकळ ओढावी लागली.

हीच युक्ती उलटते ती जेवणाच्या वेळी. स्वयंपाकघराची खिडकीही खिंडीतच उघडते आणि तिच्यातली हवाही तितक्याच इमानाने ओढली जाते. शनिवारी संध्याकाळी मावशींनी तांबड्या रश्श्याची फोडणी दिली आणि शेजारच्या तव्यावर खर्ड्यासाठी मिरच्या भाजायला घेतल्या, तेव्हा खिंडीत बसलेल्या आम्हा सात पाहुण्यांना एकाच क्षणी जो ठसका लागला तो बराच वेळ कोणाचा थांबला नाही. पुण्याहून आलेले एक दांपत्य तर उठून उसापर्यंत गेले. मावशी खिडकीतून डोकावून शांतपणे म्हणाल्या, "वाईच उलट्या तोंडाला बसा की, वाऱ्याच्या आधी." त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते: खिडकी खिंडीच्या मध्यावर आहे, त्यामुळे पश्चिमेच्या तोंडाशी, म्हणजे वारा येतो त्या बाजूला बसले की ठसका लागत नाही, फक्त वास येतो, आणि तो वास येत असताना पन्हाळ्यामागे मावळणारा सूर्य पाहत बसणे हा या मुक्कामातला सर्वांत चांगला अर्धा तास आहे. हे पाहुण्यांना आल्याआल्या सांगायला हवे, ठसका लागल्यावर नव्हे.

घरात एक कारवानी कुत्री आहे, राखी रंगाची, पोट पाठीला लागलेली, लांब तोंडाची. आपल्याकडे या जातीला कारवानी म्हणतात आणि कानाला-शेपटीला लांब केस असले तर पश्मी; सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळमुळे तिला मुधोळ हाउंड असेही नाव आहे, आणि २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर जी तिकिटे काढली त्यांत ती होती. शिकारीची, पळणारी जात. पण ही कुत्री मी पळताना एकदाच पाहिली, तीही मांजरामुळे. एरवी संध्याकाळी ती पश्चिमेच्या अंगणातून येते, खिंडीतून पूर्वेला जाते, गोठ्यापर्यंत एक फेरी मारते आणि पुन्हा त्याच वाटेने परतते, आणि हे सारे शब्दकोशात दिलेल्या चालीने. शहाबादी फरशीवर तिची नखे वाजतात म्हणून ती चाल डोळे मिटूनही ओळखता येते. पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकदम पडतात, मग पुढचा डावा आणि मागचा उजवा, त्यामुळे पाय चार असूनही ठोके दोनच ऐकू येतात: टप-टप, टप-टप, ना हळू ना जलद, खुर्च्यांच्या मधून, पाहुण्यांकडे न बघता. दोन खोल्यांच्या मध्ये भिंत असती तर तिला सबंध घराला वळसा घालावा लागला असता. तिसऱ्या की चौथ्या फेरीला आबा म्हणाले, "घर हिच्यासाठी बांधलंय, आपण पावणं."

वाड्यांत वाढलेल्यांना येथे दोन गोष्टी खटकतील. वाड्याचा चौकही घराच्या पोटात उघडाच असतो, पण तो आकाशाला उघडा असतो. चारी बाजूंनी सोपे, समोर देवडी, दिंडी दरवाजा लावला की घर आपले. येथली वाट आकाशाला बंद आणि दोन दिशांना उघडी, त्यामुळे रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही तुम्ही काय खाता आणि कोणाशी बोलता ते दिसते. आम्ही चहा पीत असताना खांद्यावर वैरणीचा भारा घेतलेले एक गृहस्थ पश्चिमेकडून आले, "बसा, बसा" म्हणत आमच्या मधून गेले आणि पूर्वेकडे बाहेर पडले. ती त्यांची नेहमीची जवळची वाट आहे असे नंतर कळले. मला त्यात गंमत वाटली, पुण्याच्या त्या दांपत्याला वाटली नाही. दुसरी गोष्ट धुरळ्याची. ऊसतोड संपल्यावर फडातले पाचट अनेक ठिकाणी पेटवून देतात, आणि त्या दिवसांत वाऱ्याबरोबर काजळीची काळी पाने उडत येतात. रविवारी सकाळी पांढऱ्या चादरीवर आणि आबांच्या थालीपिठावर ती बसली होती. घर दिवसातून तीनदा झाडले जाते हे मी पाहिले, परंतु वारा हवा म्हटल्यावर वाऱ्याबरोबर येणारेही घ्यावेच लागते.

जुलैचा मुक्काम मी मुद्दाम केला, एकटीने, कारण एप्रिलचे कौतुक ऐकून जाणाऱ्यांनी जुलैची खोली ठरवू नये असे मला आधीच वाटत होते. अमेरिकेच्या त्या भागातही पाऊस पडतो. पण आपला पाऊस नुसता पडत नाही, तो महिनोन्महिने एकाच दिशेने चालून येतो, आणि ती दिशा नेमकी खिंडीच्या पश्चिमेच्या तोंडाची आहे. ज्या वाऱ्यासाठी घर त्या दिशेला मांडले तोच वारा जूनमध्ये पावसाला हाताला धरून आत आणतो. मालकांनी पश्चिमेला बांबूच्या ताट्या आणि त्यांवर जाड ताडपत्री बांधून घेतली होती, तरी तेरा पावलांपैकी आठ पावलांपर्यंतची फरशी ओली होती, आणि राहिलेल्या पाचांत दोन बाज, एक सायकल, वाळत घातलेले कपडे आणि ती कुत्री एवढी मंडळी दाटीवाटीने होती. ताट्यांमुळे खिंड अंधारी झालेली, डोंगर दिसत नाही, वारा येतो तो फटींतून आणि दमट. रात्री जेवायला खोलीतून स्वयंपाकघराकडे जाताना मावशींनी मला छत्री आणून दिली. घरातल्या घरात, आपल्याच छपराखाली, छत्री उघडून जेवायला जाण्याचा अनुभव मला तरी नवा होता. रस्त्यावरच्या चिखलात गाडी रुतली ती निराळीच. ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली आणि ट्रॅक्टरवाल्याने पैसे घेतले नाहीत, हे येथे नोंदवायला हवे.

एवढे असूनही त्या रात्रीतली एक गोष्ट सांगितली पाहिजे. सबंध घर दमट असताना खोलीत कोंदट वास नव्हता. कोल्हापुरातल्या आमच्या सिमेंटच्या फ्लॅटमध्ये जुलैत कपाटाच्या मागे बुरशी धरते, चामड्याच्या चपलांवर पांढरी लव येते; येथे कौलांच्या फटींतून, खिडक्यांतून हवा हलत होती आणि पांघरूण थंड होते, पण ओलसर नव्हते. मालकांनी पुढच्या वर्षी पूर्वेच्या तोंडाकडची बाजू थोडी पुढे वाढवून पश्चिमेच्या तोंडाला लाकडी पट्ट्यांचे उघडमीट होणारे दरवाजे करायचे म्हटले असते, तर मी त्यांना सुतार सुचवला असता.

व्यवहाराचे थोडक्यात. दोघांच्या खोलीचे एका रात्रीचे २,६०० रुपये पडतात, त्यात सकाळचा चहा आणि न्याहारी धरलेली आहे. जेवणाचे वेगळे: साधे ताट २०० रुपये, तांबडा-पांढरा रस्सा आणि सुक्या मटणाचे ताट ४००. भाकरी तव्यावरून थेट ताटात येते आणि मोजली जात नाही. पांढरा रस्सा मला कोल्हापुरातल्या दोन-तीन नेहमीच्या खाणावळींपेक्षा जरा पातळ वाटला. खर्डा मात्र, ज्या खर्ड्याने आम्हाला ठसका लावला तोच, मी डब्यात बांधून घरी आणला. आंघोळीचे पाणी बंबातले, सकाळी सहापासून हवे तेवढे. न्हाणीघर आणि शौचालय खोल्यांना जोडून आहेत, मागे परड्यात नाहीत, याबद्दल मालकीणबाईंचे आभार मानावेत, कारण मालकांना जुन्या पद्धतीला धरून ती वेगळी बांधायची होती. डास संध्याकाळी वारा असेपर्यंत जाणवत नाहीत. वारा पडला की येतात, तेव्हा मच्छरदाणी मागून घ्यावी. गुडघ्यांचे दुखणे असलेल्यांनी जोत्याच्या पाच पायऱ्यांची चौकशी आधी करावी: त्या उंच आहेत, कठडा नाही, आणि ८१ वर्षांच्या आबांना चढवताना दोन माणसे लागली. हे मी मालकांना दोन्ही वेळा सांगितले; जुलैमध्ये कठड्याच्या जागी एक दोरी बांधलेली दिसली, आणि पावसात भिजलेली दोरी हा कठडा नव्हे. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दिवसांत या रस्त्याने जाऊ नये. गर्दीत अडकून पोहोचायला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, आणि "चांगभलं"च्या गजरात गाडीतून उतरून चालत जाणारेच आधी पोहोचतात.

आता वर ध्यानात ठेवायला सांगितलेल्या वाक्याकडे येते. निघताना मालकांनी मला मोठ्या उत्साहाने एक नकाशा दाखवला. खिंडीच्या दोन्ही तोंडांना काचेचे सरकते दरवाजे, आत दोन टनांचा एसी, मधोमध सोफा, भिंतीवर टीव्ही. पाहुण्यांच्या तक्रारी ऐकून त्यांनी ठरवले होते: धूळ नको, काजळी नको, डास नकोत, पाऊस नको, वैरणीचा भारा घेऊन जाणारे गृहस्थ नकोत. यातली एकही तक्रार खोटी नाही, आणि त्यांतल्या निम्म्या मीच केल्या आहेत. पण काच बसली की पश्चिमेचा वारा काचेवर थांबणार, खिंडीतून वेग घेऊन जाणार नाही. खिंड वाहिली नाही की खोल्यांतली हवा ओढली जाणार नाही. मग खोल्यांनाही एसी लागणार, एसीसाठी खिडक्या लावाव्या लागणार, आणि स्वयंपाकघरातल्या फोडणीचा धूर आज निदान उसाकडे जातो तो उद्या सोफ्यात मुरणार. दक्षिणेतल्या ज्या घरांची वाट दारे लावून बंद झाली त्यांचे पुढे साधे मधल्या दिवाणखान्याचे घर झाले, हे मला त्यांनीच सांगितले होते. आणि तसे घर कोल्हापुरात राजारामपुरीपासून ताराबाई पार्कापर्यंत कोठेही मिळते, त्यासाठी केर्लीच्या पुढे उसात शिरण्याचे कारण नाही. मी हे जरा जास्तच स्पष्टपणे बोलले असावे, कारण मालक गप्प झाले आणि मालकीणबाई हसल्या. "मॅडम, मी हेच सांगते आहे चार महिने," त्या म्हणाल्या, "पण हे म्हणतात की काच पारदर्शक असते."

फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, यात्रेचे दिवस वगळून, हे घर मी कोणालाही सुचवीन. ऑक्टोबर ते जानेवारीत, विशेषतः रात्री खिंडीत बाज टाकून झोपायचे असेल तर दोन वाकळा लागतील एवढे सांगून सुचवीन. जून ते सप्टेंबरमध्ये वयस्क माणसे आणि लहान मुले सोबत असतील तर सुचवणार नाही. मी स्वतः नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यासाठी पश्चिमेच्या अंगाची खोली सांगून ठेवली आहे, आबांसाठी कठडा करून ठेवा असे बजावले आहे, आणि काचेचे काम त्याआधी निघाले तर आगाऊ दिलेले १,००० रुपये परत घेईन हेही सांगितले आहे. मालकांनी ते वहीत लिहून घेतले.